गयाबाई कितव्या नंबरावर

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी माझ्या मोबाईलवर 'कडबाकुट्टी मशीन' टाकलं तर आपली साइट पहिली! ओट्यावरूनच ओरडले. सं. (नवऱ्याचं पूर्ण नाव वहीतसुद्धा लिहवत नाही, काय करू) वर्कशॉपमधून हात पुसत आला. त्याच्या मोबाईलवर आपण नववे. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या मोबाईलवर तिसरे. सासूबाईंच्या फोनवर आपण नाहीच, राजकोटच्या मशीनची जाहिरात. एकाच ओट्यावर बसलेली चार माणसं आणि चार उत्तरं.

सं. म्हणाला, "यातलं खरं कुठलं?"  चिडले, चहा उतू गेला.

आता वेळ घालवून चालणार नाही. पोळ्याच्या दिवशी नाशिकचा एक गृहस्थ येऊन गेला. मोठी कंपनी, शोरूम, सगळं. म्हणाला, चारा कापायची ही मशीन तुम्हीच बनवा, सगळी आम्ही उचलतो, फक्त मशीनवर नावाची पाटी आमची लावायची. सं. ला पटलंय. गिऱ्हाईक शोधत फिरायचा त्याला कंटाळा आलाय, खोटं कशाला बोलू, त्याचा चेहराच सांगतो. मी म्हटलं, साइट आत्ताच तर केलीय, थोडं थांबा. तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांबतो. तेवढ्यात तुझ्या साइटवरून लोक येतात हे दाखव. नाहीतर मग मला अडवू नको."

अडवणार नाही म्हणाले. तोंडातून गेलं.

२६ ऑगस्ट

रँकिंग मोजायची टूल्स बघतेय. डोकं फुटायची वेळ आली. प्रत्येकाचं पहिलं महिनाभर फुकट, पुढे डॉलर. शब्द किती मोजायचे, रोज की आठवड्याला, मोबाईलवरचं की कॉम्प्युटरवरचं, कुठल्या गावातून, सगळ्याला वेगळा प्लॅन. आवळा देऊन कोहळा काढायचे धंदे.

दोन निवडली. एकाच्या चिन्हात घुबड आहे, त्याला घुबडच म्हणते. ते ब्राउझरमध्येच बसतं, फुकट. दुसरं निळं. निळं दिसायला गंभीर, बँकेच्या साहेबासारखं. तिसरं सर्चवाल्यांचं स्वतःचं फुकटचं खातं आहेच. लोकांनी काय टाकलं, आपण सरासरी कितवे दिसलो, किती जणांनी साइटवर दाबलं, एवढं ते सांगतं.

निळ्यात जिल्हा निवडायचा होता. जिल्ह्याचं नाव बदललं तरी यादीत अजून जुनंच. दहा शब्द मोजायची परवानगी. कडबाकुट्टी मशीन, कुट्टी मशीन किंमत, चाफ कटर महाराष्ट्र... दहावा होता 'गयाबाई कुट्टी मशीन', म्हणजे आपलंच नाव. तो काढला आणि 'मका कुट्टी मशीन' टाकला. आपलं नाव टाकल्यावर आपण येणारच, त्यात काय मोजायचं? फुकटच्या खात्यातही गाळणी लावून ठेवली, गयाबाई असलेलं काही दाखवू नको म्हणून.

शिवाय ते नाव. कंपनीचं नाव कुणी गयाबाई ठेवतं का? अण्णांच्या आईचं नाव. अण्णांपुढे बोलायची सोय नाही.

३० ऑगस्ट

गणपती बसलेत. आरती संपली की अण्णा प्रसाद हातात घेऊन विचारतात, "सूनबाई, नंबर कितवा आला?" पाहुण्यांसमोर! काल सांगितलं एकदाचं की अजून चौथ्या पानावर आहोत.

"मंग वर कसं जायाचं?"

घाईत होते, मोदक उकडत होते. म्हटलं, "लोकांनी शोधायला पाहिजे, आपल्या साइटवर दाबायला पाहिजे. जास्त लोकांनी दाबलं की वर जातं." पुरतं खरं नाही, पण अर्ध्या मोदकात एवढंच सांगता येतं.

अण्णांनी मान हलवली. "म्हंजे विलेक्शनच म्हण की." दोनदा उपसरपंच होते, त्यांना जगात सगळं इलेक्शनच दिसतं. मी हसले.

४ सप्टेंबर

निळं म्हणतं ४३. घुबड म्हणतं १२. फुकटचं खातं म्हणतं सरासरी ३८. घुबड माझ्याच लॅपटॉपवरून बघतं, आणि मी रोज दहा वेळा आपलीच साइट उघडते, त्यामुळे ते माझी मर्जी राखतं. त्याला बाद केलं.

माहेरी भावाला फोन लावला. तो पाथर्डीत जीप चालवतो, स्टँडवर उभाच होता. म्हटलं, तुझ्या मोबाईलवर टाकून बघ. थोड्या वेळानं म्हणाला, "ताई, लई खाली गेलो, तुजं नावबी न्हाई. हितं सगळ्या गुजरातच्या मशिनी हायेत." वर म्हणाला, "आपल्या गोठ्यातल्या मशीनला काय झालंय गं? ती चालतीय की अजून."

ती अण्णांचीच मशीन. वडिलांनी घेतलेली. पातं बोथट झालं तेव्हा वडिलांनी पाटीवरच्या नंबरवर फोन केला, अण्णांशी गप्पा झाल्या, आणि वर्षभरानं सोयरीक. माझं लग्न एका पात्यावरून जमलं, असं सं. सगळ्यांना सांगत असतो. पहिल्यांदा हसू यायचं.

९ सप्टेंबर

फुकटच्या खात्यात सरासरी १९! ३८ वरून १९. काही कळायच्या आत. दाबणारेही वाढलेत. मी गेल्या आठवड्यात मक्याच्या कुट्टीवर दोन पानं लिहिली, फोटो नवे टाकले, त्याचंच फळ दिसतंय. हुरूप आला. भाकरी थापताना गुणगुणत होते म्हणे, सासूबाईंनी विचारलं, "आज काय हाय?"

निळं मात्र ४४ वर अडून. एक खालीच गेलं! त्याला नक्की जिल्हा कळलेला नाही. मदतीसाठी मेल केला, उत्तर आलं इंग्रजीत, अत्यंत नम्र, कामाचं काही नाही.

१५ सप्टेंबर

सरासरी ७. सात!

लॅपटॉप उचलून थेट वर्कशॉपमध्ये गेले. सं. वेल्डिंग करत होता. चष्मा वर केला, आलेख बघितला, पुन्हा बघितला. लग्नानंतर मी केलेल्या एखाद्या गोष्टीकडे एवढा वेळ त्यानं पहिल्यांदा बघितलं असेल. "हे खरं आहे?" म्हणाला.

"अहो, सर्चवाल्यांचं स्वतःचं खातं आहे. ते कशाला खोटं सांगतील?"

"आणि ते निळं?"

"ते बिघडलंय."

संध्याकाळी निळं बंद करून टाकलं. फुकटचा महिना संपत आलाच होता. जे चुकीचं सांगतं त्याला पैसे कशाला द्यायचे.

१९ सप्टेंबर

सगळं छान आहे, मग फोन का वाजत नाही?

साइटवरचा नंबर चुकला की काय म्हणून शेजारच्या विमलकाकूंच्या मोबाईलवरून लावून बघितला. वाजला. चौकशीचा फॉर्म मीच भरून पाठवला, मलाच मिळाला. एवढे लोक येतात, बघतात आणि काही न विचारता जातात? दुकानात गर्दी आणि गल्ला रिकामा, असलं कधी असतं का. पाऊसही थांबत नाही, भाऊ सांगत होता तिकडे रान सगळं पाण्यात. लोक कुट्टी मशीन कशाला घेतील आत्ता, अशी स्वतःची समजूत काढली. पटली नाही. दिवसभर खाली-वर, खाली-वर. सासूबाई म्हणाल्या, "बस की घटकाभर, पायाला भवरा लागलाय का?"

आणि दुपारी सं. नं सांगितलं की त्यानं नाशिकला फोन केला. "म्हटलं त्यांना, घाई करू नका, आमचं आम्ही बघतोय." माझ्याकडे बघून हसला. मला खूप आनंद व्हायला हवा होता. मी पुन्हा एकदा साइटवरचा नंबर लावून बघितला.

२३ सप्टेंबर

सगळं कळलं.

कालपासून घट बसलेत. सकाळी देवीला निघाले तर वाटेत विमलकाकू. ओटीचं ताट सावरत म्हणतात, "बाई, काल तुमचं दाबायचं राह्यलं गं. रेंजच नव्हती. आज दोनदा दाबते."

"काय दाबायचं?"

"अगं ते कुट्टीचं. अण्णांनी ग्रुपवर टाकलंय न्हवं? रोज सकाळी उठलं की आधी कडबाकुट्टी मशीन लिवायचं आणि आपली साइट दाबायची. न्हाई दाबलं की फोन येतो अण्णांचा."

देवळात गेले, हात जोडले, काय मागितलं आठवत नाही. परत आल्यावर अण्णांच्या मोबाईलवर तो ग्रुप बघितला. गणपतीपासून सुरू आहे! वॉर्डाप्रमाणे माणसं वाटून दिलीत. वरच्या आळीला एक जण, पेठेत एक, मळ्यातल्या वस्तीवर एक. रोज सकाळी "झालं का?" आणि खाली पन्नास अंगठे. एकानं लिहिलंय, "अण्णा, आमी तुमच्या विरोधी पार्टीचे, पन गावचं नाव हाय म्हनून दाबलं."

म्हणजे सरासरी सात ही आपल्या गावाची, बेलापूरची सरासरी. ज्यांच्या मोबाईलला आपली साइट रोज उघडायची सवय, त्यांना ती वरच दिसणार, आणि खातं बिचारं तेच मोजून मला दाखवणार. खातं खोटं बोललं नाही. निळंही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं माझं डोकं. नाचता येईना, अंगण वाकडं, म्हणून मी अंगणच बंद करून टाकलं.

अण्णांना म्हटलं, "अण्णा, हे काय केलंत?"

"तूच म्हनली न्हवं, लोकांनी दाबाया पायजे?"

"बाहेरच्या लोकांनी, अण्णा! ज्यांना मशीन घ्यायची त्यांनी! गावातल्या लोकांनी दाबून काय होणार?"

"मतं गावातूनच पडत्यात, पोरी," म्हणाले. आणि मग थांबले. चेहरा उतरला त्यांचा. मला रागावताही येईना. उभ्या गावानं सकाळी उठून देवाच्या आधी आपलं नाव घेतलं, याला चूक तरी कसं म्हणायचं?

२४ सप्टेंबर

अण्णांनी ग्रुपवर लिहिलं, "आता दाबू नये. कारन नंतर सांगू." त्यावर चर्चा सुरू. गावात अफवा की अण्णांचा आणि माझा वाद झाला. विमलकाकू हळूच म्हणाल्या, "मी आपली दाबते गं, कुनाला सांगू नको."

सं. ला सांगितलेलं नाही. जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मीठ मागितलं.

२७ सप्टेंबर

सांगितलं. वर्कशॉपमध्ये, उभ्यानंच. तो पात्याला धार लावत होता. मशीन बंद केली. पूर्ण ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे सगळी घरचीच मतं," एवढंच म्हणाला.

"हो."

"आणि खरा नंबर?"

"निळं पैसे भरून परत सुरू केलंय. ४१."

"अण्णांना काही बोलू नकोस आता," म्हणाला, आणि पुन्हा धार लावायला लागला. जरा वेळानं माझ्यासमोरच नाशिकला फोन केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या म्हणाला. मी अडवलं नाही. शब्द दिला होता ना.

मला वाईट कशाचं वाटतंय? हरल्याचं नाही. त्यानं तो आलेख बघताना जो चेहरा केला होता, तो मी परत घेतला, याचं. बाकी काही नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

वर्कशॉप धुऊन काढलं. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं यंत्र, पाने, हातोड्या, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. सासूबाई म्हणाल्या, "तुजं ते यंत्र आन की." म्हटलं, कशाला. "आन म्हनते ना." मग लॅपटॉप आणून ड्रिलशेजारी ठेवला. त्यांनी कुंकू लावलं आणि विचारलं, "ह्याचं पातं कुठशी असतं?" किती दिवसांनी सगळे एकदम हसलो. सं. सुद्धा.

मग अण्णांनी कोपऱ्यातल्या पेटीतून जुन्या पाट्या काढल्या. पितळी. 'गयाबाई कुट्टी यंत्र, बेलापूर' आणि खाली लँडलाईनचा नंबर, जो केव्हाच बंद झाला. एक पाटी चिंचेनं घासून पुसली, फुलं वाहिली. म्हणाले, "म्हातारी हातानं कडबा तोडायची. दोन बोटं गेली तिची त्याच्यात. तवा मी ही पयली मशीन केली. तिनं काय म्हनावं? 'आता माज्या उपेगाची न्हाई, पन दुसरीच्या उपेगाची हाय.'"

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. सहा-सात वर्षं या घरात आहे आणि त्या नावाची लाज वाटून घेत होते. कॉम्प्युटरला कुंकू लागलं ते पुसायच्या निमित्तानं आत गेले आणि रडले.

अण्णा नाशिकविषयी सं. ला एक अक्षर बोलले नाहीत. एवढं बोलणारा माणूस.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून झालं. पुरणपोळीनं सगळे सुस्त. चारच्या सुमारास फोन वाजला, नवा नंबर. बाई होती, संगमनेरकडची, एखाद्या वस्तीवरून बोलत असावी, मागे गाई हंबरत होत्या.

"गयाबाईवालेच का?"

"हो, बोला."

"मशीन पायजे. तीच, जुन्यावानी. पत्र्याची नको."

मी सवयीनं विचारलं, कुठल्या शब्दानं शोधलंत. तिला काही कळेना. मग विचारलं, आमचं नाव कसं मिळालं?

"अवो, नणंदेच्या गोठ्यात हाय ना तुमची मशीन. लई वर्सं झाली. पाटीवर लिवलंय गयाबाई. नंबर लावला तर लागंना. मंग पोरीला म्हनलं, नुसतं नाव टाक मोबाईलात. तर तुमीच आले की वर!"

फोन ठेवला. लॅपटॉप उघडला. फुकटच्या खात्यातली ती गाळणी काढली, जी मीच लावली होती.

खाली ओळीच ओळी. गयाबाई मशीन. गयाबाई कुट्टी बेलापूर. गया बाई चाफ कटर. गयाबाई पाते मिळेल का. साइट सुरू केली तेव्हापासूनच्या. दिवसाला एखादी, कधी दोन, कधी काहीच नाही. गावानं दाबलं ते सगळं 'कडबाकुट्टी मशीन'वर. गयाबाई टाकायला अण्णांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ही माणसं आपली आपण आलेली. प्रत्येक ओळीसमोर नंबर एक.

म्हणजे फोन येत होते की! सं. च्या मोबाईलवर (तोही नंबर साइटवर आहे) अधूनमधून येणारे ते "पातं मिळेल का" वाले, ज्यांना आम्ही जुनी गिऱ्हाइकं म्हणून धरतच नव्हतो. ते कसे आले, हे कुणी विचारलंच नाही. पाटीवरचा नंबर तर मेलेला.

जिल्हाभर, जिल्ह्याबाहेरही, कुणाकुणाच्या गोठ्यात अण्णांच्या पाट्या बसल्यात, माझ्या वडिलांच्या गोठ्यात धरून. जाहिरात म्हणावी तर तीच. आणि मी ते नाव दहातून काढून मका टाकला.

सं. ला दाखवलं. सगळ्या ओळी. या वेळी "खरं आहे?" असं विचारलं नाही. बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, "चाळीस ओळींवर घर चालत नाही गं, अश्विनी."

खरं आहे. चालत नाही. 

३ ऑक्टोबर

नाशिकचा गृहस्थ वेळेवर आला. पेढे घेऊन. नमुन्याच्या पाट्याही आणल्यात, चकचकीत, लाल-निळ्या, त्यांच्या नावाच्या. सं. नं एक हातात घेऊन उलटी-सुलटी केली. अण्णा बाहेर बाजेवर, पाठ करून.

मी चहा देताना विचारलंच. "ही पाटी लागल्यावर आमच्याकडच्या मशीनला पुढे पातं हवं असेल, तर माणूस आम्हाला शोधणार कसा?"

हसले ते. वाईट माणूस नाही. "वहिनी, तुम्हाला शोधायची गरजच काय? ऑर्डर आम्ही देणारच आहोत ना. तुम्ही आता ते कॉम्प्युटरचं टेन्शन सोडून द्या."

सं. नं माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाला, "जेवून घ्या आधी. मग बोलू."

ते जेवायला बसलेत. सासूबाई वाढतायत. मी इथे खिडकीत. निळ्यात आज मका काढून 'गयाबाई' टाकला. एका मिनिटात उत्तर आलं. १.

शेडमध्ये संगमनेरच्या बाईंना द्यायची, आधीच बनवून ठेवलेली मशीन आहे, रंग वाळलाय. सोमवारी टेम्पोत चढेल. पाटीसाठी चार भोकं पाडलेली आहेत, आणि मघाशी मी बघून ठेवलंय, दोन्ही पाट्या त्याच भोकांत बसतात.

सं. अर्ध्या जेवणातून उठून शेडमध्ये गेलाय. अण्णा बाजेवर उठून बसलेत, पण तिकडे बघत नाहीत. रिव्हेट ठोकल्याचा आवाज येतोय. कुठली पाटी हातात घेतलीय ते इथून दिसत नाही. जाऊन बघायचं धाडस होत नाही.